रुजू पाहणारी नस

जिंतूर तालुक्यातले आमचे चारठाणा हे जुन्या हेमाडपंती देवळांचे गाव. तिथल्या शेतात गहू काढताना एके वर्षी वडिलांच्या उजव्या मनगटात विळा रुतला. तुटलेला मज्जातंतू शहरातल्या डॉक्टरांनी शिवला, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिरच राहिली. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, धीर धरा, असे त्यांनी बजावले होते. सातव्या महिन्यात चहाचा कप धरताना वडिलांना बोटांना चटका जाणवला. आई घाबरली, वडील मात्र हसत होते!

त्याच वर्षी गल्लीतला एक तरुण कडुलिंबावरून पडला. पाठीतला मज्जारज्जू दुखावला, पाय कायमचे गेले. हाताची नस परत येते, मग पाठीतली का नाही? आईच्या या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला सांतियागो रामोन ई काहाल भेटले.

काहाल यांचा जन्म 1852 चा, उत्तर स्पेनमधल्या पेतिया या खेड्यातला. पोर मुलखाचे खोडकर. त्याला व्हायचे होते चित्रकार. डॉक्टर असलेल्या वडिलांना ते मान्य नव्हते. शिक्षा म्हणून त्यांनी मुलाला न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. शेवटी जुन्या दफनभूमीतली हाडे आणून त्यांची चित्रे काढायला लावली, आणि चित्रकार शरीरशास्त्राकडे वळला. डॉक्टर होऊन क्यूबात लष्करी नोकरी केली, मलेरियाने खंगून ते 1875 मध्ये परतले. साठलेल्या पगारातून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला.

1887 मध्ये त्यांनी इटलीच्या गॉल्जींची चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी रंगवण्याची रीत पाहिली. गॉल्जी मानत, की सारे मज्जातंतू एकाच जाळ्यात गुंतलेले आहेत. काहाल यांना दिसले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. 1906 चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, तरी गॉल्जींनी स्टॉकहोमच्या भाषणातही आपलाच हेका धरला!

1890 मध्ये कोंबडीच्या गर्भात काहाल यांना वाढत्या तंतूचे टोक दिसले होते. पुढे त्यांनी कापलेल्या नसांचा अभ्यास केला. तुटल्यावर पुढचा भाग मरतो. मागच्या टोकाला धुमारे फुटतात आणि जुन्या नळीतून वाट काढतात. मेंदूत आणि मज्जारज्जूतही धुमारे फुटतात, पण लवकरच थबकतात. त्यांचे शिष्य तेयो यांनी 1911 मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला, तर मेंदूतले तंतू त्यात शिरले! म्हणजे खोट बियाण्यात नव्हती, जमिनीत होती. 1913-14 मध्ये काहाल यांनी हे सारे दोन खंडांत मांडले आणि पुढचे काम उद्याच्या विज्ञानावर सोपवले. 1934 मध्ये माद्रिदला ते वारले.

1981 मध्ये माँट्रियलच्या अग्वायो यांनी उंदरांवर तीच गोष्ट पक्की केली. तरीही तुटलेला मज्जारज्जू माणसात खात्रीने जोडणारा उपचार आजही नाही.

हे मी त्या तरुणाला सांगितले. तो शेतकऱ्याचाच मुलगा. त्याने एवढेच विचारले, की जमीन तयार व्हायला किती दिवस लागतील. मी गप्प राहिलो. पण बियाणे चांगले आहे हे ऐकून तो थोडा सावरून बसला, हे मी पाहिले.