आल्फ्रेड बिने : पॅरिसची कसोटी आणि आपल्या भाषा

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे निम्हान्समध्ये, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांची बुद्धी ज्या कसोट्यांनी तपासली जात आली आहे, त्यांतील एकीच्या नावात दोन आडनावे एकत्र नांदतात : बिने आणि कामत. त्यांपैकी कामतांचे काम धारवाडचे, म्हणजे आपल्या परिसरातले. बिने यांचे चरित्र मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आल्फ्रेड बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. वडील वैद्य, आई चित्रकार. वाढवले ते आईने. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी वकिली केली नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्र स्वतःच शिकले आणि पुढे सालपेत्रियेर रुग्णालयात शार्को यांच्या संमोहनप्रयोगांत रमले. लोहचुंबक फिरवला की संमोहित रुग्णाचे विकार एका अंगातून दुसऱ्या अंगात जातात, असे प्रतिपादन त्यांनी हिरिरीने केले. बेल्जियमच्या देल्बफ यांनी हा केवळ सूचनेचा परिणाम असल्याचे दाखवून दिले, तेव्हा बिने यांना आपली चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. ही नामुष्की त्यांच्या फार उपयोगी पडली, असे मला वाटते. परीक्षकच उत्तर सुचवून जातो ही शंका त्यानंतर त्यांना कायमची जडली.

मादलेन आणि आलिस या आपल्या दोन मुलींचे त्यांनी घरीच निरीक्षण केले व १८९० मध्ये ते प्रसिद्ध केले. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की लहान मूल वस्तूचा उपयोग सांगते, तिचा प्रकार किंवा गुणधर्म सांगत नाही, हे त्यांना तेथे दिसले. पुढे कसोटीत हीच बाब वयाची खूण बनली. चित्राचेही तसेच. तीन वर्षांचे मूल चित्रातील वस्तूंची नावे घेते, सात वर्षांचे वर्णन करते, त्याहून मोठे अर्थ लावते.

१९०४ मध्ये फ्रेंच शासनाने मंदगती मुलांच्या शिक्षणासाठी नेमलेल्या आयोगात बिने होते. तपासणी झाल्यावाचून कोणत्याही मुलाची रवानगी विशेष वर्गात होऊ नये, हे ठरले. परंतु तपासणी करायची कशी, हा प्रश्न उरला. तेओदोर सिमाँ यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची श्रेणी सिद्ध केली व १९०८ मध्ये ती वयानुसार मांडली. या दुसऱ्या आवृत्तीत उतारा वाचून त्यातील तपशील सांगणे हाही एक प्रश्न होता. १९११ मध्ये मात्र वाचन आणि लेखन त्यांनी श्रेणीतून काढून टाकले, कारण ती शाळेने दिलेली वस्तू होती. बिने यांच्या सगळ्या कामात हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली आहे. वाचन मोजू नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरील शाळेत त्यांची प्रयोगशाळा होती. तेथील मुख्याध्यापक व्हाने यांनी वाचनाची स्वतंत्र श्रेणी केली होती : तुटक अवयवांनी वाचणारा, अडखळणारा, सलग वाचणारा आणि भाव ओळखून वाचणारा.

ब्रुसेल्समध्ये देक्रोली यांनी संपन्न घरांतील मुलांना ही कसोटी दिली, तेव्हा ती मुले वयापेक्षा बरीच पुढे निघाली. बिने यांनी ते आकडे तपासले असता अंतर मुख्यतः भाषेच्या प्रश्नांवर पडलेले दिसले. घरातले बोलणे कसोटीत शिरते, हे कसोटीकर्त्यानेच नोंदवून ठेवले. त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९११ रोजी, त्यांचे निधन झाले. बुद्धिगुणांकाची कल्पना स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली. बिने यांच्या नावावर ती उगाच चढवली जाते.

कामत यांनी कन्नड व मराठी मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले, ग्रंथ १९४० मध्ये. येथे अनुवाद पुरेसा नसतो. सोळा अवयवांचे फ्रेंच वाक्य आणि तितक्याच अक्षरांचे मराठी वाक्य स्मृतीवर सारखा भार टाकत नाहीत. एका भाषेत घरगुती असलेला शब्द दुसरीत पुस्तकी ठरतो. बंगळूरमध्ये ही अडचण दुणावते. शहाजीराजांच्या काळापासून तेथे रुजलेल्या मराठी घरांतील मूल अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी बोलते, आणि त्याच्या मराठीचे शब्दही पुण्याचे नसतात. त्याला धारवाडची मराठी आवृत्ती द्यावी की कन्नड?

वाचनाची गोष्ट वेगळी काढण्याची रीत मात्र बंगळूरने पाळली. निम्हान्सने अध्ययन-अक्षमतेसाठी वाचन, लेखन, गणित यांचा स्वतंत्र कसोटीसंच घडवला आणि २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने निदानासाठी तोच सांगितला. बंगळूरच्याच सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नड वाचनाच्या अभ्यासात, अक्षरांचे ज्ञान पुरे होण्यास पहिली दोन वर्षे पुरत नाहीत, असे दाखवले. जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे धरता आपली अक्षरे शेकड्यांनी मोजावी लागतात. म्हणूनच तिसरीतले मूल अक्षर-अक्षर लावून वाचत असेल, तर व्हाने यांच्या शिडीवर ते तळाशी दिसेल. कन्नड वा मराठीच्या हिशेबाने कदाचित ते वाटेवर नीट चाललेले असेल.