रिचर्ड हॅमिंग: दोन वीकेंड वाया गेले आणि कोड सापडला

टॉवर नाही, राउटर नाही, तरी दोन फोन ब्लूटूथवर थेट जोडले जातात. हवेत एखादा बिट उलटा झाला तर? इथे रिचर्ड हॅमिंग कामी येतात.

जन्म १९१५, शिकागो. १९४६ मध्ये ते बेल लॅब्समध्ये आले. तिथल्या रिले कम्प्युटरवर त्यांचं काम वीकेंडला चालायचं. तेव्हा ऑपरेटर नसायचे, त्यामुळे चूक दिसली की मशीन ते काम सोडून सरळ पुढचं घ्यायचं. दोन सोमवार हात हलवत परत! हॅमिंग जाम वैतागले. मशीनला चूक कळते, तर तिची जागाही कळायलाच हवी, हे त्यांनी डोक्यात घेतलं.

१९५० मध्ये उत्तर छापलं: ४ बिटांसोबत ३ तपासणी बिट पाठवायचे. प्रत्येक तपासणी बिट वेगवेगळ्या तीन डेटा बिटांवर नजर ठेवतो. कोणाकोणाचा हिशेब चुकला ते पाहिलं की बिघडलेला बिट सापडतो. तो उलटवायचा, झालं. (एकच बिट हं, दोन बिघडले तर हा कोड फसतो.)

ब्लूटूथच्या काही पॅकेट्समध्ये १० बिटांमागे असेच ५ तपासणी बिट जातात. डेटा दीडपट होतो, पण एका बिटासाठी अख्खं पॅकेट परत मागवावं लागत नाही.

१९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९८ च्या जानेवारीत ते गेले. ब्लूटूथचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९९ मध्ये आलं.