मुक्या मल्लाचा आवाज

हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची १९८७ मधील लढत ज्यांनी दूरचित्रवाणीवर किंवा चित्रफितीवर पाहिली आहे, त्यांनी गोरिला मॉन्सून यांचा भारदस्त आवाज नक्कीच ऐकला असेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडील मुलांना पत्त्यांच्या संचांमुळे मल्लांची नावे मुखोद्गत होती. समालोचकाचे नाव लक्षात ठेवण्याच्या फंदात मात्र फारसे कोणी पडले नाही.

त्यांचे खरे नाव रॉबर्ट मरेला. जन्म १९३७ चा, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरातला. इथाका कॉलेजात शिकत असताना १९५९ मध्ये राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ते हेवीवेट गटात उपविजेते ठरले. म्हणजे अस्सल कुस्ती त्यांना उत्तम येत होती. परंतु व्यावसायिक आखाडा हा निकाल आधीच ठरलेल्या लढतींचा. आपल्या भाषेत सांगायचे तर नुरा कुस्तीचा. तेथे कौशल्याइतकीच सोंगाची गरज असते. सुमारे चारशे पौंडांच्या या सुशिक्षित इटालियन-अमेरिकन तरुणाला प्रवर्तकांनी दाढी वाढवायला लावली आणि मंचुरियातून पकडून आणलेला, कच्चे मांस खाणारा रानटी मनुष्य म्हणून लोकांपुढे उभे केले. या रानटी माणसाला इंग्रजी येत नाही, असे सांगितले जाई. त्याच्या वतीने बोलण्याचे काम बॉबी डेव्हिस हा मॅनेजर करी. व्यावसायिक कुस्तीतील मॅनेजर म्हणजे व्यवस्थापक कमी आणि मल्लाचे तोंड अधिक.

ब्रुनो सॅमार्टिनोविरुद्धच्या त्यांच्या लढतींना न्यूयॉर्कमध्ये तोबा गर्दी होत असे. पुढे १९६९ मध्ये त्याच सॅमार्टिनोच्या बाजूला येऊन ते प्रेक्षकांचे लाडके बनले. १९७६ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियात मुहम्मद अली रिंगमध्ये चढले, तेव्हा मॉन्सून यांनी त्यांना खांद्यावर घेऊन गरगर फिरवले आणि खाली टाकले. १९८० मध्ये केन पटेराकडून हरल्यावर, आधी जाहीर केल्याप्रमाणे त्यांनी लढणे थांबवले. कंपनीत त्यांची भागीदारी होती. ती त्यांनी १९८२ मध्ये धाकट्या मॅकमहनना विकली आणि मायक्रोफोन हाती घेतला.

ज्याला वर्षानुवर्षे मुके ठेवले, त्याच्याकडे बोलण्यासारखे बरेच होते. डोक्याच्या मागच्या हाडाला मार लागला की ते त्याचे थेट वैद्यकीय नाव घेत. पहिल्या आठही रेसलमेनियांचे समालोचन त्यांनी केले. आधी सोबतीला जेसी व्हेंचुरा असत, नंतर बॉबी हीनन. हीनन मूळचे खलनायकी मॅनेजर; मॉन्सून न्यायाची बाजू घेत आणि हीनन लबाडाची वकिली करीत. ही जुगलबंदी अनेकदा कुस्तीपेक्षा सरस असे. १९९३ च्या डिसेंबरमध्ये हीनन कंपनी सोडून निघाले, तेव्हा मॉन्सून यांनी त्यांना सामानासह सभागृहाबाहेर हाकलल्याचे नाटक कॅमेऱ्यापुढे रंगले. त्या रात्री हॉटेलात आम्ही दोघेही रडलो, असे हीनन यांनी पुढे सांगितले.

होगन-आंद्रे लढतीचा पंच जोई मरेला हा मॉन्सून यांचा मुलगा होता. बाप माईकवर, मुलगा रिंगमध्ये, असा तो योग. ४ जुलै १९९४ रोजी गाडी चालवताना झोप लागून झालेल्या अपघातात जोई गेला. त्याआधी महिनाभरच वडिलांचा कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला होता. पुढे १९९५ पासून दोन वर्षे पडद्यावरील अध्यक्षाची भूमिका त्यांनी निभावली, पण प्रकृती साथ देईना. १९९९ च्या मार्चमध्ये रेसलमेनियात ते परीक्षक म्हणून दिसले, तेव्हा तो अवाढव्य देह निम्म्यावर आल्यासारखा वाटत होता. ६ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. न्यू जर्सीत मुलाशेजारीच त्यांचे दफन झाले.

मल्ल रिंगकडे निघण्यापूर्वी पडद्यामागे ज्या जागी थांबतात, तिला गोरिला पोझिशन म्हणतात. कार्यक्रम चालू असताना मॉन्सून तेथे उभे असत. त्यांच्या निधनानंतर हीनन यांनी प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्यक्रमात त्यांना श्रद्धांजली वाहिली. २००४ मध्ये हॉल ऑफ फेममधील भाषण संपवताना हीनन यांनी एकच खंत व्यक्त केली, मॉन्सून समोर नसल्याची.