रामानुजन आणि उजळणीचे पुस्तक

दक्षिण भारतात कावेरी नदीच्या तीरी कुंभकोणम नावाचे एक प्राचीन नगर आहे. त्या काळी ते तंजावर जिल्ह्यात मोडत असे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापिलेली भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत याच तंजावरास होती. तेव्हा हा मुलूख आपल्याला अगदीच परका नव्हे. नगरात देवळे पुष्कळ. त्यांपैकी शार्ङ्गपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका लहानशा घरात श्रीनिवास अय्यंगार नावाचे गृहस्थ राहत. ते एका कापडाच्या दुकानात कारकून होते. पगार तुटपुंजा, म्हणून घरी महाविद्यालयाचे एकदोन विद्यार्थी राहावयास ठेवीत, आणि त्यांच्या पत्नी कोमलताम्मळ देवळात भजने गाऊन संसारास थोडा हातभार लावीत. या दांपत्यास २२ डिसेंबर १८८७ रोजी, आईच्या माहेरी ईरोड येथे, जो पुत्र झाला, तोच पुढे जगद्विख्यात झालेला गणिती श्रीनिवास रामानुजन.

लहानपणी रामानुजन अबोल होता. परंतु प्रश्न विचारू लागला म्हणजे गुरुजींची पंचाईत करी. कोणत्याही संख्येला त्याच संख्येने भागले असता भागाकार एक येतो, असे एकदा वर्गात सांगण्यात आले. तीन फळे तीन मुलांत वाटली तर प्रत्येकास एक फळ मिळते, हे सर्वांना पटले. रामानुजनने मात्र विचारले की, शून्य फळे शून्य मुलांत वाटली तरीही प्रत्येकास एकेक फळ मिळेल काय? १८९७ साली प्राथमिक परीक्षेत तो सबंध जिल्ह्यात पहिला आला व गावातील टाउन हायस्कुलात दाखल झाला. या शाळेत सुमारे १२०० विद्यार्थी व पस्तीस शिक्षक होते. कोणता शिक्षक कोणत्या वर्गावर केव्हा जाईल हे वेळापत्रक जुळविणे मोठे किचकट काम; गणिताच्या शिक्षकांनी ते या मुलावर सोपविले आणि त्याने ते करून दिले.

घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यांपाशी महाविद्यालयाची पुस्तके असत. त्यांतील लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक रामानुजनने मागून घेतले व वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ते स्वतःच्या बळावर पुरे केले. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंच्या गुणोत्तरांना ज्या आणि कोज्या म्हणतात, एवढे शाळेत शिकवीत. रामानुजनला मात्र त्रिकोणाचा आधार सोडून, केवळ संख्यांच्या साह्याने, ज्या व कोज्या कशा मांडता येतील याचा छंद लागला. त्याला त्याची सूत्रे सापडलीही. त्याचा आनंद मोठा झाला. पण ही सूत्रे ऑयलर नावाच्या थोर गणितज्ञाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच शोधून ठेविली आहेत असे त्याला लवकरच कळले. त्या मुलाला याची इतकी लाज वाटली की, त्याने आपले कागद घराच्या छपरात लपवून ठेविले. खरे पाहता लाज वाटण्याजोगे त्यात काय होते? ऑयलरने जे प्रौढपणी केले, ते या मुलाने कुणाच्या साह्यावाचून केले होते.

१९०३ साली, रामानुजन पंधरा-सोळा वर्षांचा असताना, कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक जाडजूड ग्रंथ त्याच्या हाती आला. त्याचे कर्ते जॉर्ज शूब्रिज कार. हे लंडनमध्ये खासगी शिकवण्या करीत. केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रायपॉस नावाच्या अवघड परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेताना त्यांनी जी टिपणे केली, त्यांतूनच हा ग्रंथ तयार झाला. त्याचा पहिला भाग १८८० साली निघाला. बीजगणित, त्रिकोणमिती, भूमिती, कलन अशा सर्व शाखांतील सुमारे पाच हजार सूत्रे त्यात क्रमांक घालून, एकाखाली एक, दिलेली आहेत. स्पष्टीकरण जवळजवळ नाहीच. कोठे सिद्धतेची एखादी खूण, कोठे मागच्या सूत्राचा क्रमांक. परीक्षा तोंडावर आली असता विद्यार्थ्याने पाने उलटावी, विसरलेले सूत्र पाहावे आणि पुढे जावे, एवढ्याचसाठी तो ग्रंथ होता. थोडक्यात, ते उजळणीचे पुस्तक होते.

परंतु उजळणी करावयाची ती आधी शिकलेल्या विषयाची. रामानुजनला त्यातील पुष्कळसा भाग कुणी शिकविलाच नव्हता. म्हणून त्याने दुसरीच वाट धरली. सूत्र वाचावयाचे, पुस्तक बाजूस ठेवावयाचे, आणि ते सूत्र खरे का आहे हे स्वतः शोधून काढावयाचे. ग्रंथातील अगदी पहिले सूत्र आपल्यालाही परिचयाचे आहे: अ वर्ग उणे ब वर्ग म्हणजे (अ − ब) आणि (अ + ब) यांचा गुणाकार. येथून आरंभ करून रामानुजन एकेक सूत्र सिद्ध करीत चालला. पाठीशी दुसरी पुस्तके नसल्याने प्रत्येक सूत्राची सिद्धता ही त्याच्यापुरती नवीच शोध-मोहीम होती. एका सूत्राच्या पाठीमागे त्याला दुसरी चार दिसत, आणि ती ग्रंथात नसत. कागद महाग, म्हणून तो पाटीवर गणित करी व हाताच्या कोपराने पुसून टाकी. शेवटी आलेले उत्तर तेवढे वहीत उतरून ठेवी. कारांच्या पुस्तकात सूत्रे होती, सिद्धता नव्हत्या. रामानुजनच्या वह्याही तशाच झाल्या.

१९०४ साली तो शाळेतून उत्तीर्ण झाला. गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक त्याला मिळाले व सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीही मिळाली. त्या महाविद्यालयाला लोक कौतुकाने दक्षिण भारताचे केंब्रिज म्हणत. परंतु तेथील अभ्यासक्रमात गणिताखेरीज इंग्रजी, संस्कृत, ग्रीस व रोमचा इतिहास आणि शरीरशास्त्र हे विषय होते. रामानुजनचे मन त्यांत रमेना. इतिहासाच्या तासालाही तो सूत्रेच मांडीत बसे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. इंग्रजी निबंधात तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. ती गेल्यावर घरून फी देणे वडिलांच्या आवाक्याबाहेरचे होते. १९०५ च्या ऑगस्टात हा सतरा वर्षांचा मुलगा कुणास न सांगता घरातून निघून विशाखापट्टणमला गेला. आईबापांनी शोधाशोध केली. सुमारे महिन्याने तो परत आला.

पुढील वर्षी मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात त्याने पुन्हा आरंभ केला. तेथील गणिताचे प्राध्यापक फळ्यावर लांबलचक उदाहरण सोडवीत असता रामानुजन उठून तेच चारसहा ओळींत करून दाखवी. पण शरीरशास्त्राचा त्याला तिटकारा होता. त्या विषयाची उत्तरपत्रिका तो जवळजवळ कोरीच देई. मध्यंतरी आजारपणही आले. डिसेंबर १९०६ मध्ये एफ. ए. च्या परीक्षेत तो नापास झाला. १९०७ मध्ये पुन्हा बसला, आणि पुन्हा नापास झाला. महाविद्यालयाचे दार त्याला कायमचे बंद झाले.

यात परीक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण परीक्षा पाच विषयांची होती व रामानुजनने तयारी एकाच विषयाची केली होती, हेही विसरून चालणार नाही. पोटासाठी त्याने शिकवण्या धरून पाहिल्या. ज्यांना परीक्षेपुरते गणित हवे, त्यांना पुस्तकातील एक ठरलेली रीत पुरे असते. रामानुजन एकच उदाहरण अनेक रीतींनी सोडवून दाखवी. अशा शिक्षकाकडे विद्यार्थी टिकले नाहीत. १९०९ साली जानकी नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. आता काहीतरी मिळवणे भागच होते. काखेत वह्या मारून तो एकेकाच्या दारी जाऊ लागला.

१९१० मध्ये तो तिरुक्कोयिलूर येथे व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटला. अय्यर हे डेप्युटी कलेक्टर. भारतीय गणित मंडळाची स्थापना त्यांनीच केली होती. वह्या चाळून त्यांनी या तरुणाचे मोल ओळखले व त्याला मद्रासच्या आपल्या गणिती मित्रांकडे धाडले. त्या ओळखींतून तो नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोचला. रामचंद्र राव त्याला काही काळ दरमहा २५ रुपये देत राहिले.

मंडळाच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजनांनी वाचकांना एक कोडे घातले. ते असे होते:

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

एका वर्गमुळाच्या पोटात दुसरे, त्याच्या पोटात तिसरे, आणि याला अंत नाही. याची किंमत किती? सहा महिने लोटले. कुणाचेही उत्तर आले नाही. अखेर रामानुजनांनीच ते दिले. उत्तर आहे ३. कसे ते आपणही पडताळून पाहू. ३ चा वर्ग ९, आणि ९ म्हणजे १ + २ × ४. यातील ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. यातील ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ, आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. असेच पुढे जात राहा, म्हणजे कोड्यातील मांडणी आपोआप तयार होते. प्रत्येक पायरीला आधार एकच: कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला असता, तिच्या मागची संख्या व पुढची संख्या यांचा गुणाकार येतो. आता कारांच्या ग्रंथातील पहिले सूत्र आठवा आणि त्यातील ब च्या जागी १ घाला. हे तेच सूत्र आहे! पाचवी-सातवी पायरी झाल्यावर कुणीही थांबला असता. रामानुजन थांबले नाहीत. अनंत पायऱ्यांनंतरही उत्तर ३ च राहते हे वेगळे सिद्ध करावे लागते, आणि ते काम उंचावरच्या इयत्तांतले आहे.

मार्च १९१२ पासून रामानुजन मद्रास बंदराच्या कचेरीत दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठांच्या व स्नेह्यांच्या उत्तेजनाने १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले व सोबत शंभराहून अधिक सूत्रे पाठविली. हार्डी यांना प्रथम हा कुणा विक्षिप्ताचा खेळ वाटला. संध्याकाळी आपले सहकारी लिटलवुड यांच्यासह त्यांनी ती सूत्रे पुन्हा तपासली. काही पूर्वीच ठाऊक होती, काही चुकीची होती, आणि काही अशी होती की, त्यांच्यासारखे त्या दोघांनी पूर्वी काहीच पाहिले नव्हते. हा थोर प्रतिभेचा मनुष्य आहे अशी त्यांची खात्री झाली. ज्या मद्रास विद्यापीठाच्या परीक्षेत रामानुजन दोनदा नापास झाले होते, त्याच विद्यापीठाने मे १९१३ पासून, पदवी नसतानाही, त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली.

१७ मार्च १९१४ रोजी ते बोटीने इंग्लंडला निघाले. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात हार्डींपुढे एक नाजूक प्रश्न उभा राहिला. सिद्धता कशी पुरी करावी हे रामानुजनांना शिकविणे अवश्य होते. कारांचा ग्रंथ जुना. त्यामुळे गणितातील कित्येक नव्या गोष्टी त्यांच्या कानांवरूनही गेल्या नव्हत्या, आणि अविभाज्य संख्यांविषयींची त्यांची काही विधाने त्यामुळेच चुकली होती. उलट, फार शिकवू गेल्यास त्यांचा उत्साह मावळेल ही भीती. हार्डींनी बेताबेताने शिकविले, आणि स्वतःही त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. ज्या संख्येला तिच्याहून लहान असलेल्या सर्व संख्यांपेक्षा अधिक विभाजक आहेत, अशा संख्यांवर रामानुजनांनी मोठा निबंध लिहिला. १२ ही अशी संख्या आहे. तिला सहा विभाजक आहेत, आणि तिच्या आतल्या कोणत्याही संख्येला चारांहून अधिक नाहीत. या निबंधाबद्दल मार्च १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना बी. ए. ची पदवी दिली.

तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. रामानुजन कडक शाकाहारी. स्वतः रांधून खात. युद्धामुळे भाजीपाला दुर्मिळ झाला. थंडी, एकटेपणा आणि अवेळी जेवण यांनी १९१७ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली व ते रुग्णालयात पडले. टॅक्सीच्या १७२९ या क्रमांकाची गोष्ट याच दुखण्यातली. ती पुष्कळांना ठाऊक असते. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. त्यांच्या आधी हा मान एकाच भारतीयास मिळाला होता: १८४१ मध्ये, मुंबईचे नौकातज्ज्ञ आर्देशीर खरशेटजी यांना.

२७ मार्च १९१९ रोजी रामानुजनांची बोट मुंबईच्या बंदराला लागली. आई आणि भाऊ त्यांना न्यावयास मुंबईस आले होते. पाच वर्षांपूर्वी निरोप दिलेला मुलगा आता ओळखू येऊ नये इतका कृश झाला होता. पुढे वर्षभर उपचार चालले. गुण आला नाही. अंथरुणावर पडूनही त्यांचे गणित थांबले नाही. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डींना पत्राने एक अगदी नवा विषय कळविला. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते.

मागे राहिल्या त्या वह्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली त्यांच्या हस्ताक्षराची हुबेहूब प्रत दोन खंडांत छापली. त्यांत तीन हजारांहून अधिक सूत्रे आहेत आणि बहुतेकांना सिद्धता नाही. अमेरिकेतील गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांनी इतरांच्या साह्याने ती एकेक करून तपासावयास घेतली. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९८५ मध्ये निघाला, आणि पाचवा व शेवटचा १९९८ मध्ये.