सेल्सगर्ल, सर्कस आणि मग थेट 'हंटरवाली'. नादियानं मुंबईच्या पडद्यावर व्हिलन लोकांना धुतलं त्याची गोष्ट

२०१७ साली विशाल भारद्वाजचा 'रंगून' आला. त्यातली कंगनाची मिस ज्युलिया, तिचा तो चाबूक आणि ते स्टंट बघून जुन्या लोकांना एकच नाव आठवलं. वाडिया मुव्हीटोनवाल्यांनी तर हे पात्र आमच्याच हिरोईनवरून उचललंय म्हणत कोर्ट गाठलं होतं.

ती हिरोईन म्हणजे फियरलेस नादिया.

आपल्याकडे अॅक्शन म्हटलं की धर्मेंद्र, अमिताभ, सनी देओल अशी यादी सुरू होते. पण ही सगळी मंडळी यायच्या कितीतरी आधी, म्हणजे १९३५ साली, एका बाईनं चालू ट्रेनच्या टपावरून गुंडांना खाली फेकायची तयारी सुरू केली होती. तीही निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची आणि धड हिंदी न येणारी बाई.

तिचं खरं नाव मेरी अॅन इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातला. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक. १९१३ मध्ये वडिलांची बदली मुंबईला झाली आणि पाच वर्षांची मेरी इथं आली. दोनच वर्षांनी, १९१५ ला, पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले. परक्या देशात मायलेकीच उरल्या.

१९२२ साली त्या पेशावरला गेल्या. सरहद्दीचा तो भाग म्हणजे डोंगर, घोडे आणि बंदुका. शाळेत जे शिकायला मिळालं नसतं ते मेरी तिथं शिकली. घोडेस्वारी, शिकार, नेमबाजी. पुढं ज्या गोष्टींवर तिचं पोट चालणार होतं त्या सगळ्या तिला पेशावरनं दिल्या, फक्त तेव्हा तिला ते माहीत नव्हतं.

१९२८ ला ती मुंबईत परत आली. सोबत आई आणि लहान मुलगा. म्हणजे घर चालवायची जबाबदारी तिच्यावरच. आर्मी अँड नेव्ही स्टोअरमध्ये ती सेल्सगर्ल म्हणून उभी राहिली. जरा बरी नोकरी मिळावी म्हणून टायपिंग-शॉर्टहँड शिकायचं ठरवलं. त्याच काळात मॅडम अॅस्ट्रोव्हा नावाच्या बाईंकडं ती बॅले शिकायला लागली.

आता मेरी काही नाजूक बॅलेरिना नव्हती, चांगली उंच आणि दणकट होती. पण कोलांट्या, स्प्लिट्स यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अॅस्ट्रोव्हांच्या ग्रुपसोबत ती गावोगाव फिरली. कधी गोऱ्या सैनिकांच्या छावणीत, कधी राजेमहाराजांसमोर, तर कधी छोट्या गावातल्या पब्लिकपुढं. १९३० च्या आसपास झारको सर्कशीतही काम केलं. आज इथं, उद्या तिथं, हातात येईल ते घ्यायचं, असा सगळा प्रकार.

नाव बदलण्याचा किस्सा याच काळातला. एका आर्मेनियन भविष्यवाल्यानं तिला सांगितलं की 'न' वरून नाव घे, नशीब उघडेल. तिनं नादिया हे नाव घेतलं. ज्योतिषावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, नाव मात्र खणखणीत निघालं.

तिकडं मुंबईत वाडिया बंधूंचा वेगळाच खेळ चालू होता. हे वाडिया म्हणजे जहाजं बांधणाऱ्या प्रसिद्ध पारशी घराण्यातले. थोरला जमशेद, म्हणजे जेबीएच, हा एमए, एलएलबी. पण वकिली सोडून गडी सिनेमात घुसलेला. धाकटा होमी दिग्दर्शक. १९३३ ला त्यांनी वाडिया मुव्हीटोन काढलं आणि परळच्या लवजी कॅसल या घराण्याच्या जुन्या वाड्यात स्टुडिओ थाटला. हॉलिवूडच्या डग्लस फेअरबँक्सचे मारधाड सिनेमे हा दोघांचा वीक पॉइंट.

एका थिएटर मॅनेजरच्या ओळखीनं नादिया जेबीएचसमोर आली. त्यांनी तिला नाव बदलून नंदा देवी ठेव आणि लांब वेणीचा विग घाल असं सुचवलं. काम मागायला आलेल्या कुणीही मान डोलावली असती. नादियानं दोन्हीला नकार दिला. वर हेही ऐकवलं की नादिया हे नाव वाडियाशी यमक जुळणारं आहे, बदलायचं कशाला. जेबीएचना हा बाणा आवडला असावा, कारण बाई कामावर लागली.

पण थेट हिरोईन म्हणून नाही. आधी 'देश दीपक'मध्ये गुलाम मुलीचा छोटासा रोल, मग 'नूर-ए-यमन'मध्ये राजकुमारी. हिंदी बोलताना ती अडखळायची, पण लोकांना ती आवडतेय हे भावांच्या लक्षात आलं. मग जेबीएचनी खास तिच्यासाठी गोष्ट लिहिली आणि दिग्दर्शनाला होमी बसला.

सिनेमाचं नाव 'हंटरवाली'.

गोष्ट साधी. राजाला दुष्ट वजीर कैद करतो. राजकन्या माधुरी डोळ्यांवर मुखवटा चढवते, हातात हंटर घेते आणि गोरगरिबांची वाली बनते. पण हे सगळं करताना नादिया तोकड्या कपड्यात, बूट घालून, भिंतींवरून उड्या मारत होती आणि गडीमाणसांना उचलून आपटत होती. डमी नाही, दोर नाही, सगळं स्वतः.

सिनेमा तयार झाला आणि डिस्ट्रिब्युटर लोकांनी हात वर केले. पडद्यावर सोशिक नायिका बघायची सवय असलेल्या पब्लिकला ही चाबूकवाली गोरी बाई पचणार नाही, असा त्यांचा हिशोब. शेवटी वाडियांनीच पुढाकार घेऊन १९३५ साली ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो लावला.

सिनेमा २५ आठवड्यांहून जास्त चालला.

हंटरवालीच्या नावाचे चाबूक, पट्टे, काडेपेट्या बाजारात आल्या, त्याही वाडियांना न विचारता. तिनं फायटिंगच्या आधी मारलेली आरोळी पोरं गल्लीत मारायला लागली. सेल्सगर्ल म्हणून उभी राहणारी पोरगी २७ व्या वर्षी स्टार झाली होती.

पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल' आला आणि त्यात तिनं ट्रेनच्या टपावर मारामारी केली. मग 'हरिकेन हंसा', 'पंजाब मेल', 'डायमंड क्वीन' अशी रांगच लागली. 'जंगल प्रिन्सेस'मध्ये तर ती खऱ्या सिंहांसोबत उतरली. सोबतीला पिळदार शरीराचा जॉन कावस, 'पंजाब का बेटा' नावाचा घोडा, गनबोट नावाचा कुत्रा आणि 'रोल्स रॉइस की बेटी' असं नाव दिलेली खटारा ऑस्टिन गाडी. घोड्याला आणि गाडीलाही फॅन्स असणारी ही बहुधा आपल्याकडची पहिलीच गँग.

शिकल्यासवरल्या लोकांनी या सिनेमांना स्टंटपट म्हणत नाक मुरडलं. पण एक गोष्ट बघा. १९३७ ला आपल्या 'कुंकू'मध्ये शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारत घरातल्या घरात लढत होती, त्याचं रास्त कौतुक झालं. नादिया तेच भांडण रस्त्यावर आणून मिटवत होती. 'डायमंड क्वीन'मध्ये ती बायकांच्या शिक्षणावर, स्वातंत्र्यावर स्पष्ट बोलते. इंग्रजांची सेन्सॉरशिप असताना जुलमी सत्तेविरुद्ध लढणारी हिरोईन दाखवायची आणि ती दिसायला गोरी, हा विनोद जेबीएचना नक्की कळत असणार.

१९४१ ला जेबीएचनी 'राज नर्तकी'वर मोठा खर्च केला आणि पुढं भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लवजी कॅसलचा स्टुडिओ व्ही. शांतारामांकडं गेला, तिथंच राजकमल कलामंदिर उभं राहिलं. होमीनं १९४२ ला बसंत पिक्चर्स काढलं. नादिया त्याच्यासोबत गेली आणि १९४३ च्या 'हंटरवाली की बेटी'नं पुन्हा गर्दी खेचली.

होमी आणि नादियाचं प्रेम होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण होमीच्या आईला ही सून मान्य नव्हती. पडद्यावर कुणाला न जुमानणारी ही बाई त्या एका नकारापुढं वर्षानुवर्षं थांबली. आई गेल्यानंतर, १९६१ साली दोघांनी लग्न केलं. तेव्हा नादिया ५३ वर्षांची होती. १९६८ च्या 'खिलाडी'मध्ये, साठीत, ती शेवटची पडद्यावर दिसली.

नंतरच्या पिढ्या तिला विसरत चालल्या होत्या. १९९३ ला जेबीएचचा नातू रियाद वाडियानं तिच्यावर 'फियरलेस: द हंटरवाली स्टोरी' ही डॉक्युमेंटरी केली आणि नादिया पुन्हा चर्चेत आली. हे बघायला ती हयात होती. ८८ वा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ ला, मुंबईत ती गेली.

८ जानेवारी २०१८ ला तिची ११० वी जयंती होती. त्या दिवशी गुगल उघडणाऱ्यांना डूडलवर नादिया दिसली.