अँटन रूपर्ट : स्वकीयांची सत्ता आणि एक उद्योगपती

१९४८च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच केप प्रांतातील पार्ल या गावी रेम्ब्रांट कंपनीच्या कारखान्यातून पहिल्या सिगारेटी बाहेर पडल्या. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध नव्हता. मात्र दोहोंची मुळे एकाच मातीत होती. वर्णद्वेषी राजवट आणि अँटन रूपर्ट यांचे उद्योगसाम्राज्य ही दोन्ही आफ्रिकानेर समाजाच्या पराभवाच्या स्मृतीतून जन्मलेली अपत्ये होत.

हा पराभव १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धातला. ब्रिटिशांच्या छावण्यांत सुमारे २६ हजार बोअर स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली, शेते जाळली गेली आणि उरलेला समाज शहरांच्या कडेला येऊन पडला. खाणी, बँका, व्यापार इंग्रजी भाषकांच्या हाती होता. १९३२च्या कार्नेगी आयोगाने सुमारे तीन लाख गोरे दारिद्र्याच्या खाईत असल्याचे नोंदवले. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकान्स बोलणारे होते. काळ्या बहुसंख्याकांच्या दारिद्र्याचा मात्र असा गाजावाजा झाला नाही, हेही नोंदवायला हवे.

रूपर्ट यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९१६ रोजी कारू प्रदेशातील ग्राफ-रेनेट या जुन्या गावात, एका वकिलाच्या घरी झाला. डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा महामंदीमुळे राहून गेली. प्रिटोरिया विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले आणि काही काळ तेथेच शिकवू लागले. १९३९मध्ये ब्लूमफाँटेन येथे आफ्रिकानेरांची आर्थिक परिषद भरली. शेतकरी व नोकरदारांची लहानसहान बचत एकत्र करून समाजाचे स्वतःचे भांडवल उभारावे, असा तिचा निर्णय. त्यातून निघालेल्या संघटनेत लघुउद्योगांचे काम रूपर्ट यांच्याकडे आले. पुढे त्याच चळवळीच्या गुंतवणूक कंपनीचे पैसे घेऊन त्यांनी जोहान्सबर्गमध्ये व्होरब्रांट ही तंबाखू कंपनी काढली. तंबाखूच का, तर मंदी आली तरी लोक धूम्रपान सोडत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. रूपर्ट यांचा स्वतःचा वाटा अवघ्या दहा पौंडांचा असल्याचे सांगितले जाते.

यापुढची वाटचाल वेगवान आहे. १९५३मध्ये लंडनची रॉथमन्स, १९५८मध्ये कॅरेराज त्यांच्या ताब्यात आली. लंडनच्या भांडवलाने ज्यांना खालच्या पायरीवर ठेवले, त्यांच्यातील एकाने लंडनमधील कंपन्याच विकत घ्याव्यात, याचा आफ्रिकानेरांना वाटलेला अभिमान समजण्यासारखा होता.

पण परदेशांत व्यवसाय करताना रूपर्ट यांना एक गोष्ट उमगली. वसाहतवाद मावळत असताना मालकी पूर्णतः आपल्या हाती ठेवणारा उद्योग टिकणार नाही. स्थानिकांना निम्मा वाटा दिला तरच तो रुजेल. मलेशियात आणि इतर अनेक देशांत त्यांनी स्थानिक भागधारक घेऊन कंपन्या चालवल्या. हेच तत्त्व स्वदेशात आणायचे ठरवले, तेव्हा गाठ पडली ती पंतप्रधान हेन्ड्रिक व्हेरवूर्ड यांच्याशी. पार्लमध्ये मिश्रवंशीयांच्या बरोबरीच्या भागीदारीत कारखाना काढण्याचा प्रस्ताव रूपर्ट यांनी त्यांच्यापुढे मांडला. व्हेरवूर्ड यांनी तो साफ फेटाळला. एकाच उद्योगात गोरे व मिश्रवंशीय समान मालक म्हणून बसले, तर विभक्ततेचा सारा डोलाराच पोकळ ठरतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. मार्च १९६०मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे ठार झाली. त्यानंतर रूपर्ट यांनी शहरांतील काळ्या रहिवाशांना घराची मालकी द्यावी, अशी गळ घातली. तीही व्यर्थ गेली.

येथे रूपर्ट यांच्या चरित्रातील कूट प्रश्न उभा राहतो. त्यांनी प्रस्ताव मागे घेतला, कारखाने चालू ठेवले, मतभेद बव्हंशी बंद दाराआड ठेवले. स्वकीयांवर उघड टीका केल्यास उरलासुरला प्रभावही जाईल, असा हिशेब त्यामागे असावा. तो संपूर्णपणे खोटा म्हणता येणार नाही. पण राजवटीला स्थैर्य देणारा कर आणि प्रतिष्ठा त्यांच्या उद्योगांतूनही येत होती, आणि त्यांच्या आर्जवांचा रोख घर, मालमत्ता, वेतन व लघुउद्योग यांवरच राहिला; मताधिकार हा त्यांचा गाभा कधीच नव्हता. १९७६च्या सोवेटो उठावानंतर हॅरी ओपेनहायमर यांच्यासह त्यांनी अर्बन फाउंडेशन उभारले, १९८१मध्ये सरकारच्या भागीदारीत लघुउद्योग विकास महामंडळ काढले. १९८६मध्ये अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांना पत्र लिहून वर्णद्वेष सोडून देण्याची विनंती केली. बोथा बधले नाहीत.

१९८८मध्ये समूहाची परदेशांतील मालमत्ता, त्यात कार्तिए आणि डनहिल यांच्यातील हिस्सेही, स्वित्झर्लंडमधील रिशमाँ या नव्या कंपनीत गेली. निर्बंधांच्या काळात हे पाऊल दूरदर्शी ठरले. टीकाकारांच्या मते ते पळवाट होते. भारताने १९४६मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता आणि संबंध पुन्हा सुरू झाले ते १९९३मध्ये. त्यामुळे या उद्योगपतीची ओळख आपल्याकडे फारशी झालीच नाही.

उत्तरायुष्यात ते निसर्गरक्षणाकडे वळले. ज्याची संपत्ती फुप्फुसे जाळणाऱ्या धंद्यातून आली, त्याने अरण्ये राखावीत यातील विसंगती अनेकांना खुपली. १९९७मध्ये नेल्सन मंडेला व हॉलंडचे राजपुत्र बर्नहार्ड यांच्यासह त्यांनी पीस पार्क्स फाउंडेशन स्थापन केले. राष्ट्रांच्या सीमा ओलांडणारी अभयारण्ये ही त्यामागील कल्पना; २००० मध्ये बोत्स्वानासह कगालागाडी उद्यान सुरू झाले. त्याच १९९७ साली सत्य व सलोखा आयोगाने उद्योगजगताच्या भूमिकेवर स्वतंत्र सुनावणी घेतली. वर्णद्वेषाने उद्योगांचे नुकसान झाले की फायदा, यावर तेथे एकमत झाले नाही.

१८ जानेवारी २००६ रोजी स्टेलेनबॉश येथे वयाच्या ८९व्या वर्षी रूपर्ट यांचे निधन झाले. पत्नी ह्युबर्टे त्यांच्या आधी तीनच महिने गेल्या होत्या. ग्राफ-रेनेटमध्ये त्यांनी पुढाकार घेऊन जतन केलेली पांढऱ्या भिंतींची जुनी घरे आजही उभी आहेत.