जेवणाच्या सुट्टीतील रसायनशास्त्र

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील फारच थोड्या शाळांत रसायनशास्त्र शिकवले जात असे. सिटी ऑफ लंडन स्कूल ही त्यांपैकी एक. पण तेथेही या विषयाला नेहमीच्या वेळापत्रकात जागा नव्हती. थॉमस हॉल हे शिक्षक आठवड्यातून दोनदा जेवणाच्या सुट्टीत प्रयोग दाखवून व्याख्यान देत. विल्यम हेन्री पर्किन हा तेरा-चौदा वर्षांचा विद्यार्थी त्यासाठी जेवणावर पाणी सोडत असे.

विल्यमचा जन्म १२ मार्च १८३८ रोजी लंडनच्या पूर्व भागात झाला. वडील बांधकाम व्यावसायिक होते आणि मुलाने वास्तुविशारद व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मात्र, एका मित्राने दाखवलेल्या सोडा व तुरटीच्या स्फटिकांनी विल्यमला आधीच मोहिनी घातली होती. हॉल यांनी ही ओढ ओळखली. प्रयोगांच्या तयारीत त्याला मदतनीस म्हणून घेतले आणि वडिलांची अनेकदा भेट घेऊन त्यांचे मन वळवले. १८५३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, विल्यम रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत ऑगस्ट हॉफमन यांच्या हाताखाली दाखल झाला.

त्या काळी मलेरियावर क्विनीन हेच खात्रीचे औषध होते आणि ते सिंकोना वृक्षाच्या सालीतूनच मिळे. हिंदुस्थानसारख्या वसाहती सांभाळणाऱ्या ब्रिटनला त्याची मोठी गरज होती. दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून क्विनीन बनवण्याचा प्रयत्न पर्किन यांनी १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत केला. क्विनीनच्या रेणूची रचना तेव्हा कोणालाच ठाऊक नसल्याने तो फसणे अटळ होते. अ‍ॅनिलीनवर प्रयोग करताना हाती आला तो काळा साका. तो फेकून न देता त्यांनी अल्कोहोलमध्ये विरघळवला, तेव्हा सुंदर जांभळा रंग उतरला. त्यात रंगवलेले रेशीम धुण्याने वा उन्हाने विटत नव्हते.

अवघ्या अठराव्या वर्षी पर्किन यांनी या रंगाचे पेटंट घेतले आणि हॉफमन यांची नाराजी पत्करून कॉलेज सोडले. मुलाच्या रसायनशास्त्राला एकेकाळी विरोध करणाऱ्या वडिलांनी आयुष्याची पुंजी या कारखान्यात घातली. भाऊ थॉमसही सोबतीला आला. १८५७ मध्ये लंडनजवळील ग्रीनफर्ड येथे काम सुरू झाले. ‘मॉव्ह’ नावाने हा रंग युरोपभर गाजला आणि त्यातून कृत्रिम रंगांच्या उद्योगाचा पाया घातला गेला.

१८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कारखाना विकून पर्किन पुन्हा संशोधनाकडे वळले. या शोधाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९०६ मध्ये, त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १४ जुलै १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कीर्तीमागे जेवणाची सुट्टी विद्यार्थ्यांना देणारा एक शिक्षक होता, आणि त्या शिक्षकाचे ऐकून आपला हट्ट सोडणारे वडीलही होते.